हाताला मुंग्या, चूक मात्र सीटची

रविवारी पहाटे पुण्याहून खंबाटकी घाटाकडे निघालेल्या सायकलस्वारांच्या घोळक्यात एक कोडे हमखास पाहायला मिळते. दोघांच्या रोड बाइक एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या. पहिला शंभर किलोमीटर करून येतो आणि टपरीवर चहा पीत आरामात गप्पा मारतो. दुसऱ्याच्या करंगळीला चाळिसाव्या किलोमीटरला मुंग्या येतात, साठाव्याला मान आखडते आणि घर येईपर्यंत ‘ही सायकल आपल्यासाठी नाही’ असा निकाल त्याने देऊन टाकलेला असतो. मग तो जाड हातमोजे घेतो, हँडलवर आणखी एक टेप गुंडाळतो, सीटवर जेलचे कव्हर चढवतो. दुखणे थोडे सरकते, जात नाही.

जाणार कसे? बधिर झालेल्या करंगळीचे कारण बहुतेक वेळा हँडलपाशी नसतेच. ते असते सीटपाशी. सायकलवरची बैठक म्हणजे सीट, पेडल आणि हँडल यांचे एकमेकांशी असलेले अंतर. यातले एक चुकले की त्याची भरपाई शरीराचा भलताच भाग करत बसतो.

पाच टेकू

सायकलवर बसलेला माणूस पाच ठिकाणी टेकलेला असतो: दोन पाय, दोन हात आणि बूड. त्याचे वजन या पाचांत कसे वाटले जाते, यावर सगळा खेळ आहे.

दूधवाल्याच्या किंवा पोस्टमनच्या जुन्या काळ्या सायकलवर माणूस ताठ बसतो. जवळपास सगळे वजन सीटवर, म्हणून ती सीट रुंद आणि खाली स्प्रिंगा. खड्ड्याचा धक्का मणक्यांतून सरळ वर जातो. तीन-चार किलोमीटर जायचे असेल तर या बैठकीइतकी सोयीची दुसरी नाही. पण तासन्‌तास असेच बसले की कंबर बोलू लागते.

रोड बाइकवर धड पुढे झुकते आणि वजनाचा काही भाग हातांकडे जातो. पण वजन पेलण्यात सर्वांत मोठा वाटा पायांचा असतो, आणि नवख्यांच्या नेमके हेच लक्षात येत नाही. पेडल जितक्या जोराने दाबले जाते तितके शरीर वर उचलले जाते. सीट आणि हात दोघेही हलके होतात. टूर द फ्रान्समधला स्वार तासभर ३०० वॉटहून अधिक शक्ती लावू शकतो. इतक्या जोरात त्याचे पायच त्याचे धड तोलून धरतात. हौशी माणूस दिवसभराच्या राइडला १०० ते १५० वॉटच्या आसपास असतो. त्याने टीव्हीवर पाहिलेली तीच खाली वाकलेली बैठक घेतली, तर पायांनी न पेललेले वजन तळहातांवर येऊन पडते. व्यावसायिकाची बैठक उतरवून घेण्यात मोठी चूक आहे ती इथे. त्याच्यासारखी बैठक हवी असेल तर त्याच्यासारखे पायही हवेत.

मग वाकायचेच कशाला?

वाऱ्यासाठी. सपाट रस्त्यावर ताशी ३० किलोमीटरने जाणाऱ्या स्वाराची बहुतेक शक्ती हवा बाजूला सारण्यात खर्च होते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यावर मात करायला लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. वेग ३० वरून ३३ वर नेला, म्हणजे जेमतेम दहा टक्के, तरी हवेपायी लागणारी शक्ती सुमारे ३३ टक्क्यांनी वाढते. शिवाय या विरोधातला सुमारे तीन-चतुर्थांश वाटा माणसाच्या शरीराचा आहे, सायकलीचा उरलेला. म्हणूनच महागड्या चाकांपेक्षा कोपर थोडे आत घेणे आणि खांदे खाली आणणे अधिक फळ देते, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

याचा सर्वांत गाजलेला पुरावा २३ जुलै १९८९ रोजी पॅरिसमध्ये मिळाला. टूर द फ्रान्सचा शेवटचा टप्पा, व्हर्साय ते पॅरिस, २४.५ किलोमीटर, प्रत्येकाने एकट्याने घड्याळाविरुद्ध धावायचे. फ्रान्सचा लोराँ फिन्यों ५० सेकंदांनी पुढे होता. मागे असलेल्या अमेरिकेच्या ग्रेग लेमॉंडने हँडलवर कोपर टेकवता येतील असे पुढे निघालेले दांडे बसवले होते. ही कल्पना बून लेनन या स्कीइंगच्या प्रशिक्षकाची. हात छातीपुढे एकत्र, पाठ सपाट, डोक्यावर निमुळते हेल्मेट. फिन्यों साध्या हँडलवर, उघड्या डोक्याने, शेंडी उडवत गेला. लेमॉंडने ताशी ५४.५ किलोमीटरचा वेग राखला, ५८ सेकंद भरून काढले आणि टूर ८ सेकंदांनी जिंकली. इतक्या कमी फरकाने ती शर्यत आजवर कुणी जिंकलेली नाही.

चार वर्षांनी स्कॉटलंडच्या ग्रॅम ओब्रीने याच्याही पुढचे टोक गाठले. स्वतः बनवलेल्या सायकलवर, जिच्यात धुलाईयंत्रातले बेअरिंग होते, हात छातीखाली दुमडून त्याने १७ जुलै १९९३ रोजी नॉर्वेतील हामार येथे एका तासात ५१.५९६ किलोमीटर कापले. तो विश्वविक्रम होता. पुढच्या वर्षी आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाने त्या बैठकीवर बंदी घातली.

पण ही दोन्ही उदाहरणे वाचताना घड्याळाकडे लक्ष असू द्यावे. लेमॉंड त्या बैठकीत २७ मिनिटे होता, ओब्री एक तास. ज्याला २०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळात पूर्ण करायची लांबची राइड, करायची आहे, त्याच्या हातात साडेतेरा तास असतात. पहिल्या तासात वाकून मिळवलेली पाच मिनिटे चौथ्या तासापासून दर अर्ध्या तासाला पाठ मोकळी करायला थांबण्यात सहज निघून जातात. जास्त वाकले की मांडी पोटाला भिडते, खुब्यापाशी सांधा आवळला जातो, श्वास उथळ होतो आणि पेडलवरचा जोर घटतो. घाटात तर वाकण्याचा उपयोगच नाही. ताशी आठ-दहा किलोमीटरच्या चढावर लढाई गुरुत्वाकर्षणाशी असते, तिथे हात हँडलच्या सपाट भागावर ठेवून छाती मोकळी करणारा शहाणा. लांबच्या राइडमध्ये सर्वांत वेगवान बैठक ती, जी शेवटच्या तासातही टिकते. आराम आणि वेग यांचे वैर फक्त छोट्या शर्यतीत असते.

सुरुवात सीटच्या उंचीपासून

बैठक लावताना बहुतेक जण हँडलपासून सुरुवात करतात, कारण ते डोळ्यांसमोर असते. क्रम उलटा हवा. आधी पाय, मग सीट, हँडल सगळ्यात शेवटी.

उंचीसाठी पायाची आतली लांबी मोजावी लागते. अनवाणी भिंतीला टेकून उभे राहावे, पायांच्या मध्ये जाड पुठ्ठ्याचे पुस्तक सीटसारखे वर घट्ट दाबून धरावे आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचे अंतर घ्यावे. हे अंतर ०.८८३ ने गुणले की क्रँकच्या आसाच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची मिळते. क्रँक म्हणजे पेडलचा दांडा. हा आकडा फ्रेंच प्रशिक्षक सिरिल गिमार यांच्याकडचा. लेमॉंडच्या पुस्तकामुळे तो जगभर पसरला. त्याआधी १९६७ साली हॅमली आणि थॉमस या संशोधकांनी वेगळ्या वाटेने उत्तर शोधले होते: पेडल सर्वांत खाली असताना पेडलपासून सीटपर्यंतचे अंतर पायाच्या लांबीच्या १०९ टक्के असावे. पाय ८० सेंटिमीटर असेल तर पहिल्या सूत्राने क्रँकच्या आसापासून उंची येते ७०.६, त्यात १७ सेंटिमीटरची क्रँक मिळवली की पेडलपासून ८७.६. दुसऱ्या सूत्राने ८७.२. फरक फक्त चार मिलिमीटरचा!

तरीही सूत्राने मिळते ती सुरुवात, शेवट नव्हे. कुणाचा पंजा लांब असतो, कुणाच्या बुटाचा तळ जाड, कुणाला टाच उचलून पेडल मारायची सवय. म्हणून शरीराकडून खात्री करून घ्यावी. सायकल भिंतीला टेकवून वर बसावे, पेडलवर टाच ठेवावी आणि पाय तळाशी न्यावा. गुडघा जेमतेम सरळ झाला पाहिजे, कंबर एका बाजूला न कलता. मग टाचेच्या जागी चवडा आला की गुडघ्यात आपोआप थोडा बाक येतो. हा बाक २५ ते ३५ अंशांच्या दरम्यान असावा असे अभ्यासक मानतात. सीट खाली असेल तर गुडघा नको तितका दुमडून जोर लावतो आणि वाटीमागे दाब वाढतो. जास्त वर असेल तर पेडल गाठण्यासाठी कंबर डावी-उजवीकडे डुलते. मागून येणाऱ्या मित्राला हे लगेच दिसते, स्वतःला कळत नाही.

मिलिमीटरचे एवढे कौतुक कशाला, असे वाटेल. मिनिटाला ८० फेऱ्या धरल्या तर प्रत्येक गुडघा तासाला ४,८०० वेळा वाकतो, आणि दहा तासांच्या राइडमध्ये ४८,००० वेळा. एवढ्या वेळा केलेली छोटी चूक छोटी राहत नाही. बेल्जियमचा एडी मर्क्स सीटच्या उंचीबद्दल किती हळवा होता हे सायकलिंगच्या जगात प्रसिद्ध आहे. १९६९ मध्ये ब्लुआ येथील ट्रॅकवर झालेल्या भीषण अपघातात त्याच्या कमरेला इजा झाली. त्यानंतर सायकलवर त्याला पूर्वीसारखे स्वस्थ कधीच वाटले नाही, आणि शर्यत चालू असतानाही तो सीट वर-खाली करत राहायचा. तरी १९७२ मध्ये मेक्सिको सिटीत त्याने तासाचा विक्रम केला, ४९.४३१ किलोमीटरचा.

मागे किती, पुढे किती

आता त्या बधिर करंगळीकडे. घरातल्या घरात एक प्रयोग करून पाहावा. भिंतीला टाचा आणि बूड टेकवून उभे राहायचे आणि वाकून पायाचे अंगठे धरायचा प्रयत्न करायचा. जमत नाही, माणूस तोंडघशी पडू लागतो. भिंतीपासून दोन पावले पुढे येऊन तेच केले की सहज जमते. कारण वाकताना आपण नकळत बूड मागे नेतो, आणि पुढे गेलेल्या धडाचे वजन त्याने तोलले जाते. भिंत ते करू देत नाही.

सायकलवर ही भिंत म्हणजे फार पुढे बसवलेली सीट. बूड मागे जायला जागा नाही, म्हणून धड पुढे कोसळू पाहते आणि त्याला सावरायला हात खांब होऊन उभे राहतात. कोपर ताठ, मनगट दुमडलेले, तळहाताच्या कडेवर सगळा भार. करंगळीच्या बाजूने तळहाताच्या मुळाशी अल्नर नावाची नस जाते. करंगळी आणि अनामिकेची अर्धी बाजू तिच्या अखत्यारीत येते. ती दबली की नेमकी तीच बोटे बधिर होतात. अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटे बधिर होत असतील तर मनगटाच्या मधून जाणारी मीडियन नस दबते आहे. जाड हातमोज्याने दाब थोडा पसरतो, पण भार तसाच राहतो. सीट एक सेंटिमीटर मागे नेली तर भारच कमी होतो.

ती पुरेशी मागे आहे का, हे रस्त्यावर तपासता येते. मोकळ्या सपाट रस्त्यावर, नेहमीच्या जोराने पेडल मारत असताना, हातांची पकड सैल करून तळवे हँडलच्या अगदी थोडे वर उचलावेत. धड क्षणभर जागच्या जागी राहिले तर सीट ठीक. पुढे कोसळायला लागले तर ती मागे हवी. मागे नेताना पेडलपासूनचे अंतर वाढते, म्हणून उंची किंचित कमी करावी लागते.

दुकानांत यासाठी ओळंब्याची जुनी पद्धत वापरतात: क्रँक आडवी असताना गुडघ्याच्या पुढच्या भागातून सोडलेला ओळंबा पेडलच्या आसावर यावा. सुरुवातीचा अंदाज म्हणून हे चालते. पण अमेरिकन सायकलनिर्माते कीथ बॉन्ट्रेगर यांनी त्यातला दुबळेपणा कधीच दाखवून दिला आहे. पाठीवर रेलून, पाय समोर करून चालवायच्या सायकलींवर ओळंबा पेडलच्या आसपासही येत नाही, आणि माणसे त्या उत्तम चालवतात. गुडघ्याला ओळंब्याशी देणेघेणे नाही. तोल महत्त्वाचा, आणि तो धडाची लांबी, वजन आणि लावलेला जोर यांवर ठरतो.

सीट गादीसारखी नको

मऊ सीट आरामाची, हा समज टिकून आहे तो सोफ्यामुळे. सायकलवर वजन पेलायचे असते ते बुडाच्या दोन हाडांनी. पाट मांडून बसले की टोचतात ती. सीट फार मऊ असली की ही हाडे आत रुततात आणि मधला फुगवटा वर येऊन जांघेतल्या नाजूक भागावर दाबतो. तिथल्या नसा आणि रक्तवाहिन्या दबल्या की बधिरपणा येतो. स्त्री-पुरुष दोघांनाही हा त्रास होतो. संकोचापायी माणसे तो बोलून दाखवत नाहीत, आणि निमूट सायकल सोडून देतात. हे फार वाईट आहे, कारण उपाय अगदी साधा आहे.

उपाय रुंदीत आहे. खोक्याच्या पन्हाळी पुठ्ठ्याचा तुकडा कडक बाकावर ठेवून त्यावर बसावे, थोडे पुढे झुकावे आणि उठावे. दोन खळगे उमटलेले दिसतात. त्यांच्या मध्यांतले अंतर मोजून त्याहून साधारण दोन सेंटिमीटर रुंद सीट घ्यावी. स्त्रियांचे अंतर सरासरीने जास्त असते, आणि दुकानात सायकलीबरोबर येणाऱ्या बहुतेक सीटा हा विचार करून दिलेल्या नसतात. मध्ये खाच असलेली सीट अनेकांना मानवते. ती जमिनीला समांतर बसवावी. सीटचे नाक, म्हणजे पुढचे टोक, वर असेल तर जांघेत दाबते. फार खाली असेल तर माणूस घसरत पुढे येतो आणि हातांवर पुन्हा तोच भार.

सीटचे दुखणे किती महागात पडते? १९८९ च्या त्या शेवटच्या टप्प्याआधी फिन्योंला सीटच्या घर्षणाने जांघेत गळू झाले होते. धड बसता येत नव्हते, झोप येत नव्हती. लेमॉंडच्या हँडलची गोष्ट सगळे सांगतात. हरलेल्याच्या सीटचीही सांगायला हवी.

चौकट: कुठे दुखते, आधी काय पाहावे
गुडघ्याच्या पुढे: सीट खाली किंवा फार पुढे.
गुडघ्याच्या मागे: सीट फार वर किंवा फार मागे.
करंगळी-अनामिका बधिर: सीट पुढे, नाक खाली झुकलेले, किंवा कोपर ताठ.
मान आणि खांदे: हँडल लांब किंवा खाली.
कंबर: हँडल खाली, किंवा सीट वर असल्याने कंबर डुलते.
तळपायाची आग: बूट घट्ट, किंवा पेडलमध्ये अडकणारी बुटाखालची क्लीट फार पुढे.

हँडल सर्वांत शेवटी

सीट पक्की झाली की ती हँडलसाठी हलवायची नाही. हँडल लांब वाटले म्हणून सीट पुढे ओढणे ही नेहमीची पळवाट आहे, आणि करंगळीचे दुखणे तिथूनच सुरू होते. हँडल जवळ आणायचे ते स्टेम बदलून. स्टेम म्हणजे हँडलला सायकलच्या मानेशी जोडणारा तुकडा. तो दहा-दहा मिलिमीटरच्या फरकाने मिळतो. फारच आखूड स्टेम लावावा लागत असेल तर सायकलच मोठ्या मापाची घेतली गेली आहे, हे मान्य करावे. उंची वाढवायला स्टेमखाली चकत्या घालता येतात.

हात ब्रेकच्या रबरी मुठींवर असताना कोपर थोडे वाकलेले राहिले पाहिजे. रस्त्याचे धक्के तिथेच जिरतात. वाकायचे ते खुब्यातून, कमरेतून नव्हे. कमरेतून वाकलेली पाठ कुबडी होते आणि पुढचे पाहायला मान जास्तच मागे मोडावी लागते. अमेरिका आरपार करणाऱ्या ‘रेस अक्रॉस अमेरिका’ या सुमारे ४,८०० किलोमीटरच्या शर्यतीत तर मानेचे स्नायू इतके थकतात की डोके वर धरताच येत नाही. १९८३ मध्ये मायकेल शर्मर या स्वाराला हे झाले आणि त्या अवस्थेला ‘शर्मर्स नेक’ हेच नाव पडले. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये दोघांचा संघ करून ही शर्यत पूर्ण केली, तर नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये एकट्याने. इतक्या लांबच्या शर्यतीत हँडल दोन सेंटिमीटर वर असणे ही कमजोरी समजली जात नाही.

उंचीने लहान असलेल्यांनी क्रँकची लांबीही पाहावी. बहुतेक सायकलींना १७० किंवा १७२.५ मिलिमीटरची क्रँक येते. १६५ ची लावून सीट तेवढीच वर केली की पेडल वर असताना गुडघा आणि पोट यांच्यात सुमारे एक ते दीड सेंटिमीटर जागा वाढते. आखूड क्रँकने जोर कमी पडतो, ही भीती २०२४ मध्ये ताडेय पोगाचार या स्वाराने १६५ ची क्रँक वापरून टूर जिंकल्यावर बरीच मावळली.

बदल कसा करावा

एका वेळी एकच बदल, तोही तीन ते पाच मिलिमीटरचा. आधीच्या जागेवर चिकटपट्टीची खूण करून ठेवावी, दोन-तीन राइड होऊ द्याव्यात आणि मगच पुढचा बदल करावा. स्नायूंना नव्या जागेची सवय व्हायला वेळ लागतो. पहिल्याच दिवशी दिलेला निकाल धरू नये. दोन महिन्यांतही जमले नाही तर बैठक लावून देणाऱ्या जाणकाराकडे जावे. तो सांध्यांचे कोन मोजतो, पायांच्या लांबीतला फरक पाहतो, चालत्या पेडलवर गुडघ्याचा मार्ग तपासतो. नवी हलकी चाके घेण्याआधी हा खर्च करावा. आणि बोटांचा किंवा जांघेतला बधिरपणा सायकलवरून उतरल्यानंतरही तासन्‌तास टिकत असेल, तर सीटच्या मिलिमीटरांत वेळ न घालवता आधी डॉक्टरांना दाखवावे.